तुझ्या परड्यातला रायवळ

रत्नागिरी,
माघ वद्य दशमी

प्रिय संजू,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात थंडी अजून रेंगाळतेय म्हणतोस. इथली निघून गेली. आज पहाटे मतलई वारा होता तेवढाच काय तो गारवा. उजाडताना मारुती मंदिराकडून नाचणे रोडला लागलो आणि आतल्या गल्ल्यांत शिरलो.

इमारती इतक्या उठल्यात की तू वाट चुकशील. तरी दोन इमारतींच्या मधे कुणी ना कुणी हापूसचं एखादं कलम राखलंय, आणि यंदा मोहोराने पान दिसत नाही. कंपाउंडबाहेर आलेल्या एका फांदीखाली थांबलो. एकाच तुऱ्यावर बुडाशी वाटाण्याएवढी कणी आणि शेंड्याला फुलं अजून उमलतायत! त्यातली बहुतेक नर. फळ धरतं थोड्यांवर, त्यातलंही बरंच गळतं. म्हणून तर मळभ आलं की बागायतदारांचा जीव टांगणीला लागतो; ढगाळ हवेत तुडतुडे माजतात. अंगण झाडणाऱ्या आजी म्हणाल्या, "चार दिवस कडक ऊन पडूं दे रे बाबा, मग बघ."

पुढे वळणावर काटेसावर फुललीय. अंगावर पान नाही, नुसती लाल फुलं, आणि साळुंक्यांचा कालवा. खाली पडलेलं एक उचललं: पाच जाड पाकळ्या, आत मध आणि मुंग्या. त्या सोसायटीने भिंत आत वळवून झाड वाचवलंय. ज्याने हे सुचवलं त्याचं मला फार कौतुक वाटलं.

मग मुद्दाम तुमच्या घरावरून आलो. परड्यातला रायवळ उशिराने का होईना, मोहोरलाय. वर तांबट टुकटुक करत होता.

संजू, जागा बिल्डरला द्यायची ठरलीय, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. काकांच्या पश्चात घर सांभाळणं कठीण, हे मला कळतं. पण तो आंबा तोडू देऊ नकोस. २०१८ साली कोकणच्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रायवळाला मात्र कुणी विचारत नाही. आणि हापूसचं कलम बांधतात ते रायवळाच्या कोयीतून आलेल्या रोपावरच ना! शिवाय झाड मागच्या गडग्याला लागून आहे, पार्किंगच्या आड येत नाही. मी पावलांनी मोजून पाहिलं.

करारावर सही करण्याआधी नकाशात झाड दाखवून घे, आणि ते राखायचं कलम लेखी घाल. तोंडी शब्दावर राहू नकोस. शिमग्याला येशीलच, तेव्हा बिल्डरकडे दोघे मिळून जाऊ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू