डिचोलीच्या सलूनवाल्या काकांना, तुम्ही गाल पुढे केलात त्याबद्दल

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईल फक्त फोन घ्यायला वापरता हे माहीत आहे, पण सून सगळं वाचते म्हणालात, तेव्हा तिनेच हे तुम्हाला वाचून दाखवावं. दुकानात येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही विषय पावसावर नेता, म्हणून इथे लिहितेय, इथे तरी मला गप्प करता येणार नाही.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. हात चालत नाही, आणि उजव्या गालाला स्पर्श नीटसा कळतही नाही. बोलणं हळूहळू परत येतंय, पण दाढीच्या बाबतीत माणूस जराही बदललेला नाही, आजोबांचा जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा सोडून दुसरं काही तोंडाला लावू देत नाहीत. पोर्तुगीज राजवटीत पणजीला परदेशी माल सहज मिळायचा तेव्हा आजोबांनी घेतलेला तो वस्तरा, त्यावरच बाबांनी जन्म काढला. आता दाढी करणार कोण तर मी, आणि वस्तऱ्याला धार नाही. धार गेलेला वस्तरा केस कापत नाही, ओढतो. ज्या गालाला कळतच नाही तिथे ओढलं तर बाबा सांगणार कसे? रक्त दिसेल तेव्हाच कळणार. ही भीती मला तुमच्या आधी कोणाला समजावताच आली नाही हो.

म्हणजे सांगून बघितलं. एका ठिकाणी, नाव घेत नाही, त्या माणसाने वस्तरा घेतला आणि सरळ ग्राइंडर चालू केला, मी ओरडून थांबवला. पातं धारेजवळ इतकं पातळ असतं की नखावर जरा दाबलं तरी लवतं, ते ग्राइंडरवर क्षणात तापणार, निळं पडणार, आणि निळं पडलं की पोलादाचं पाणी गेलं, मग कितीही घासा धार टिकत नाही. दुसरीकडे विचारलं, घरात पुरुषमाणूस नाही काय? आणखी एक म्हणाला, मॅडम अर्ध्या ब्लेडचा होल्डर घ्या आणि हे भंगारात द्या. शेवटी ऑनलाइन धार लावायचा १०००० नंबरचा दगड मागवला, नंबर मोठा तितका दगड बारीक म्हणतात, तर त्यात बारीक काय होतं म्हणाल तर फक्त डब्यावरची अक्षरं. बोट फिरवलं तरी खर लागत होती.

तुमच्याही दुकानात आता गिऱ्हाईक बसलं की नवीन अर्धं ब्लेडच लागतं, रोगराईच्या भीतीने सगळीकडे तेच झालंय आणि बरोबरच आहे. पण खणात दगड होते! आणि तुम्ही वस्तऱ्याला हात लावायच्या आधी म्हणालात, घरचा दगड आण. आणला तर त्यावर पेन्सिलीने आडव्या उभ्या रेघा मारल्यात, काचेवर वॉटर पेपर पसरून पाणी टाकून तो दगड घासलात, कडेच्या रेघा गेल्या आणि मधल्या तशाच राहिल्या. इतकी वर्षं घरातले कोयते त्यावर घासून मध्ये खड्डा पडलेला. मग तुम्ही दाखवलंत की वस्तऱ्याचा कोन आपला हात धरत नाही, पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकतात, कोन ती पाठच ठरवते, म्हणून कोयत्याला चालतो तो दगड वस्तऱ्याला चालत नाही, सपाटच लागतो. सगळ्या रेघा जाईपर्यंत मलाच घासायला लावलंत, खांदे भरून आले माझे.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. १००० वर धारेचा पाया, मग ४०००, मग ८०००, आणि खालच्या दगडावर जे झालं नाही ते वरच्यावर होणार नाही, हे तुमचं म्हणणं पाठ झालंय. शेवटी कापडात गुंडाळलेला तो वरून पिवळा खालून काळा दगड काढलात, कोणा तारवट्याने, म्हणजे खलाशाने, बोटीवरून आणून तुमच्या वडिलांना दिलेला. घरी येऊन शोधलं, तो बेल्जियमच्या आर्डेन भागातला कोटिक्यूल, त्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात, दगडाचं दूध, म्हणजे घासून पाण्यात उतरलेली भुकटी, दाट असलं की तो भराभर कापतो आणि पाणी घालून पातळ करत गेलं की नुसता धार घोटून गुळगुळीत करत राहतो. मी विचारलं होतं याचा नंबर किती. तुम्ही म्हणालात, नंबर कशाला, गाल सांगतो.

मला वाटलं बोलायची पद्धत असेल. तर तुम्ही वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढलात, स्पिरिटने पुसलात, आणि स्वतःच खुर्चीत बसलात. स्वतःच्या तोंडाला फेस लावलात, टॉवेल घेतलात आणि उजवा गाल माझ्याकडे केलात. "घाबरू नको गो बाय, आधी माझ्यावर कर." बाकावर बसलेल्यांपैकी एकजण हसला, त्याला तुम्ही फेसातूनच गप बस म्हणालात. माझा हात थरथरत होता आणि तुम्ही डोळे मिटून बसलेले, मध्येच म्हणालात दाबू नको, त्याचं वजन त्याला पुरे, कातडी ताण. जबड्यापाशी आल्यावर म्हणालात, इथे ओढतंय. आणि तसेच अर्धा फेस गालावर घेऊन उठलात, परत त्या पिवळ्या दगडावर गेलात, नुसतं पाणी घालून, आणि परत येऊन तोच गाल दिलात.

काका, बाबांचा गाल मला जे सांगू शकत नाही ते तुमच्या गालाने सांगितलं. कुठे ओढतं, किती तिरका धरायचा, ओढत असताना हाताला काय वाटतं, सगळं. ज्या बाईने आयुष्यात वस्तरा धरला नाही तिच्या हातात कोण गळा देतो? लोक म्हणतात माणुसकी गेली, माणुसकी गेली, म्हणू देत, बहुतेक ते ग्राइंडरवाल्याकडेच जात असतील.

बाबांची दाढी आता एक दिवसाआड होते, उजव्या बाजूला अजून एकही ओरखडा नाही. वस्तरा बाथरूममधून बाहेर काढलाय, पुसून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवते, या खाऱ्या दमट हवेत रात्रभरात गंज धरतो ते पटलं. दगड सावलीत वाळवते, पावसात डबा बंद करत नाही.

एकच राग आहे, तुम्ही पैसे घेतले नाहीत. आणि जपानी कारखान्यातल्या दगडांना नावं ठेवता ना, तर मी या खेपेला बघून पारखून चांगल्या कंपनीचा १२००० मागवलाय. चवथीच्या आधी घेऊन येते, तुमच्या पिवळ्याशेजारी ठेवू आणि बघू. शिव्या घालायच्या तर समोर घाला. पैसे गल्ल्यात टाकूनच निघणार, सुनेला आधीच सांगून ठेवलंय.