आईच्या आयएनआरविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवर बोलले असते तर बाबांनी "बरं, बरं" म्हणून विषय मिटवला असता आणि आईने मी जेवले का ते विचारले असते, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती ठरवून झाली आहे. यापुढे आईच्या आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आकड्याचा, अहवाल तुमच्याबरोबरच थेट डॉक्टरांकडे आणि माझ्याकडेही येईल, आणि डॉक्टरांनी लिहून कळवल्याशिवाय रक्त पातळ होण्याच्या गोळीचे प्रमाण घरात कोणीही बदलणार नाही. बाबा, हे वाचून तुमच्या कपाळाला आठी पडणार, हे मला ठाऊक आहे. परंतु इतकी वर्षे आईच्या गोळ्या तुम्ही ज्या काटेकोरपणे सांभाळल्यात, ते माझ्याने झाले नसते, आणि वही तुमच्याच हाती राहणार आहे.

मागचा अहवाल पाहून कोणीही दचकले असते. जुनी प्रयोगशाळा बंद झाली, नव्या ठिकाणचा कागद मोबाइलवर आला आणि त्यावर २.९ हा आकडा ठळक छापून शेजारी ०.८ ते १.२ अशी मर्यादा दिलेली होती. ती मर्यादा ही गोळी न घेणाऱ्या माणसाची आहे. आईची मर्यादा फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेली आहे, २.५ ते ३.५. म्हणजे २.९ हा आईसाठी अगदी हवा तसा आकडा होता, आणि गोळी थांबवल्यानंतर आलेला १.६, जो पाहून तुम्हाला हायसे वाटले, तोच खरा काळजीचा होता.

तुम्हाला हिशेबाशिवाय पटत नाही, म्हणून तो मांडते. त्या अहवालात 'पीटी', म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, यापुढे आईची वेळ ३४.८ सेकंद आणि तुलनेची वेळ १२ सेकंद दिली आहे. म्हणजे रसायन घातल्यावर आईच्या रक्तद्रवाची गुठळी व्हायला साधारण तिप्पट वेळ लागला. भागाकार करून पाहा, २.९ येईल. प्रत्येक प्रयोगशाळेचे रसायन सारखे तीव्र नसते, म्हणून त्याच्या निर्देशांकाचा घात या भागाकाराला लावतात आणि मिळालेल्या उत्तराला आयएनआर म्हणतात. या खेपेस निर्देशांक १ होता, त्यामुळे नुसता भागाकार पुरला. एवढे करूनही प्रयोगशाळा बदलली की थोडा फरक पडू शकतो, आणि निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली नाही तर आकडा उगाच वाढलेला दिसतो. म्हणून एकच प्रयोगशाळा मी पक्की केली आहे. त्यांचा माणूस घरी येईल, म्हणजे आईला जिना उतरावा लागणार नाही.

आईच्या हृदयाची मायट्रल झडप धातूची आहे आणि तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून ही गोळी आहे. लहानपणी तुझ्या कुशीत झोपताना ती टिकटिक ऐकू यायची आणि ती ऐकल्याशिवाय मला झोप लागत नसे, हे तुला आठवते ना, आई? आकडा खाली गेला तर झडप अडकण्याची किंवा गुठळी मेंदूकडे जाण्याची भीती असते. फार वर गेला तर रक्तस्रावाची. शिवाय गोळीतल्या बदलाचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, कारण यकृताने आधी तयार केलेले गोठणघटक तोवर रक्तात असतात. त्यामुळे आज आकडा पाहून आजच गोळी कमी-जास्त करणे म्हणजे आकड्याच्या मागे धावणे होय.

शेजारच्या काकांना तपासणी न लागणारी नवी गोळी मिळाली, ती आईला का नको, असे तुम्ही विचारले होते. डॉक्टरांना मी ते विचारले. धातूची झडप असलेल्यांवर तशा एका औषधाची चाचणी झाली होती. त्यात गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे ती मध्येच थांबवावी लागली, आणि २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काकांची झडप स्वतःची आहे, आईची नाही. तेव्हा आईची आताची गोळी, ॲसिट्रॉमच, चालू राहील.

आई, तू मेथी आणि पालक सोडून दिलेस, हे मला मुळीच आवडलेले नाही. पालेभाजीतले जीवनसत्त्व के गोळीच्या विरुद्ध काम करते हे खरे, पण डॉक्टर गोळीचे प्रमाण आपल्या नेहमीच्या जेवणावरच बसवतात. आठवड्याला जेवढी भाजी पूर्वी खात होतीस तेवढीच पुन्हा खायला लाग, मात्र पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना ते सांग. एका आठवड्यात अजिबात नाही आणि दुसऱ्या आठवड्यात रोज अळूचे फदफदे, असे तेवढे करू नकोस.

आता हे नीट ऐका. गुडघा दुखला तरी औषधांच्या दुकानातून परस्पर दुखण्याची गोळी आणायची नाही. जुलाबासाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी कोणी प्रतिजैविक लिहून दिले, तर ॲसिट्रॉम चालू आहे हे आधी सांगायचे, कारण त्यातल्या काहींनी आकडा झपाट्याने वाढतो. कोणी दिलेले चूर्ण किंवा काढाही विचारल्याशिवाय नको. एखाद्या संध्याकाळची गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. वहीत खूण करून नेहमीचीच घ्यायची. शौच काळे झाले, डोक्याला मार लागला, बोलताना जीभ अडखळली किंवा एका हातातली शक्ती गेली, तर माझ्या फोनची वाट न पाहता सरळ रुग्णालयात जायचे; मला मागून कळवले तरी चालेल.

बाबा, माझ्या तापाचे आकडे तुम्ही कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवत होतात. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून हे सारे करत नाही. इतक्या दूर राहून आईसाठी मला एवढेच करता येते, ते करू द्या.

पुढची तपासणी मंगळवारी सकाळी आहे. त्यासाठी उपाशी राहायचे नसते, तेव्हा आईला चहा-नाश्ता करून बसू द्या. प्रयोगशाळेच्या माणसाचे पैसे मी भरले आहेत; त्याला वर काही देत बसू नका.

तुमची,
ताई