टाकीतलं मीठ आणि बाबांचं मशीन

एडिसन, न्यू जर्सी
9 फेब्रुवारी

ती. आई-बाबांस सा. न.

आई, परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "तुझं ते पिवळं फूल कोमेजलं का गं?" मी काहीतरी सांगून विषय बदलला. तुझी नजर बरोबर होती. फोनवर सांगत बसले असते तर बाबांनी मधेच बातम्या लावल्या असत्या, म्हणून लिहिते.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतलं ते फूल नाही, प्राणी आहे. टॉर्च कोरल. खाली दगडी सांगाडा, वर मऊ मांस. बाबा, मालवणला किल्ल्याजवळ होडीतून तुम्ही वाकून दाखवायचात, त्या प्रवाळाच्याच गोतावळ्यातलं. (भारतात असलं दगडी प्रवाळ बाळगणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा शेजारी कौतुकाने सांगून कुणाला नादी लावू नका. इथे टाकीतच वाढवलेले तुकडे विकत मिळतात.)

जानेवारीत त्याचे हात आखडले आणि शेजारची मोंटिपोरा, म्हणजे दुसरं एक प्रवाळ, फिकट पडली. प्रवाळाच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर साखर बनवून त्याला पोसतं. प्रवाळ बेजार झालं की त्या भाडेकरूला हाकलतं, मग पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसतो. मांस शाबूत असेल तर ते अजून जिवंत असतं, सावरू शकतं. पण मांसच सुटून हाड उघडं पडलं तर तेवढा भाग गेला. मोंटिपोरा पहिल्या अवस्थेत होती.

मला वाटलं, दिवा प्रखर झाला. कमी केला. फरक नाही. मग सांगाड्याला लागणारे क्षार कमी पडत असतील म्हणून ते वाढवले. एका आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या, आणि कशाने काय झालं ते कळायची सोयच उरली नाही. मिठाची शंका आली नाही, कारण ते मी दर रविवारी मोजत होते! समुद्रात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम असतं, माझं मीठ मोजायचं यंत्र, रीफ्रॅक्टोमीटर, 34 दाखवत होतं.

शेवटी बाटलीत पाणी भरून दुकानात नेलं. 40 निघालं. यंत्रच कमी दाखवत होतं, आणि त्याच्यावर विसंबून दर वेळी पाणी बदलताना मी मीठ चढवत गेले. साध्या पाण्यावर शून्य जुळवलं की झालं असं मी समजत होते. ते 35 च्या प्रमाणित द्रावणावर जुळवायला हवं.

एकदम गोडं पाणी ओतलं असतं तर उरलेलंही मेलं असतं. टाकी 190 लिटरची. रोज चार-पाच लिटर काढून तेवढंच बिनमिठाचं गाळलेलं पाणी घालत सहा दिवस काढले. तेवढ्यात टॉर्चच्या एका मुंडक्यावर तपकिरी, जेलीसारखी बुळबुळीत साय धरली. ती पसरते, म्हणून पंप बंद करून मोठ्या सिरिंजने आधी ती ओढून घेतली, प्रवाळ बाहेर काढलं आणि मेलेलं मुंडकं सांगाड्यासकट कापलं. उरलेलं टाकीच्याच पाण्यात आयोडीन घालून दहा मिनिटं बुडवलं. हातमोजे घातले होते, आई. मग दोन आठवडे कशाला हात लावला नाही, सगळ्यात अवघड तेच गेलं. तीनपैकी दोन मुंडकी उघडताहेत. मोंटिपोरा अजून फिकी आहे.

बाबा, आता तुमचं. मागच्या रविवारी म्हणालात, "बीपीच्या मशीनवर 120 येतंय, म्हणून अर्धीच गोळी घेतो." ते मशीन मी दिलेलं, त्याला सहा वर्षं झाली. शनिवारी डॉक्टरांकडे जाताना ते पिशवीत घालून न्या, आणि त्यांचं लावून झालं की लगेच आपलं लावून बघा. किती फरक आला ते मला कळवा. तोवर गोळी डॉक्टरांनी लिहून दिली तेवढी, पूर्ण.

आई, तो पट्टा बाबांच्या दंडाला सैल होतो का, तेही बघ.

तुमची,
मनी