पट दोन, मध्ये सहा फूट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरोनाची साथ पुरती संपेपर्यंत अंधांच्या बुद्धिबळ स्पर्धा भरवूच नयेत, ज्यांचे सारे व्यवहार स्पर्शावर चालतात त्यांना एका ठिकाणी गोळा करणे हा अविचार आहे, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या सदरात आले. पत्नीने ते मला सकाळच्या चहाबरोबर वाचून दाखवले. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे. मात्र त्यांनी दोन अंधांचा डाव कधी बघितलेला नसावा. मीही बघितलेला नाही, पण चव्वेचाळीस वर्षे खेळतो आहे.

डोळस खेळाडूंचा पट एकच असतो. समोरच्याने हाताळलेला मोहरा आपण मारतो, आपल्याच हाताने उचलून बाजूला ठेवतो. आमचे तसे नाही. दोन अंध खेळाडू बसतात तेव्हा प्रत्येकापुढे स्वतःचा पट असतो. घराघरात भोक, मोहऱ्यांना खाली खुंटी, काळी घरे जराशी उंच आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बोटाला टोचेल असे टोक. मी माझ्या पटावर चाल करतो आणि मोठ्याने सांगतो. समोरचा ती पुन्हा उच्चारतो आणि मग आपल्या पटावर तीच चाल लावतो. मोहरा भोकातून उपटला की तो ‘हाताळला’, म्हणजे मग तोच हलवायचा, असा आमचा नियम आहे. संपूर्ण डावात मला त्याच्या पटाला बोट लावायचे कारणच पडत नाही. थोडक्यात, हा खेळ सहा फुटांवरून खेळता येतो. सामाईक असते ते एकच घड्याळ. ते दाबायला मदतनीस ठेवण्याची मुभा नियमांतच आहे, आणि ती महामारीच्या फार आधीपासूनची आहे.

म्हणून ‘स्पर्श, स्पर्श’ हा बाऊ मला पटत नाही. धोका खरा कुठे आहे ते सांगतो. धोका आमच्या तोंडात आहे. डोळसांच्या सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येते. आमच्याकडे वीस डावांत चाळीस माणसे पाच-पाच तास चाली बोलत असतात. खिडक्या बंद करून वातानुकूलन लावलेल्या हॉलमध्ये हे चालले, तर पत्रलेखकांची भीती अगदी रास्त ठरेल. असे हॉल मात्र आम्ही मागत नाही. ते देणगीदारांना शोभेसाठी हवे असतात. शाळेचा उघडा व्हरांडा आणि डोक्यावर पंखा एवढ्यावर आमचे भागते.

मुखपट्टीने अडचण होते, हे मान्य. चाली सांगताना गोंधळ नको म्हणून पटाच्या ए ते एच या आठ उभ्या स्तंभांना आम्ही नावे देतो: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. नुसते ‘बी’ आणि ‘डी’ म्हटले तर गर्दीत सारखेच ऐकू येतात. नावे मुखपट्टीतूनही कळतात, घोटाळा आडव्या ओळींच्या आकड्यांचा होतो. गेल्या महिन्यात सोसायटीच्या गच्चीवर आम्ही तिघाचौघांनी करून पाहिले. मी ‘गुस्ताव सात’ म्हणालो, समोरच्याने ‘आठ’ ऐकले. उलट उच्चारण्याचा नियम होता म्हणून तिथल्या तिथे सावरले, नाहीतर पुढच्या दहा चाली दोघे दोन वेगळे डाव खेळत बसलो असतो. आकडा दोनदा म्हणावा आणि प्रत्येक डावाला दहा-पंधरा मिनिटे वाढवून द्यावीत, एवढ्याने काम होते.

‘ऑनलाइन खेळा की!’ असेही त्या पत्रात आहे. खेळलो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणारी प्रणाली, लावून खेळता येते, तशा सोयीची संकेतस्थळेही आहेत. पण तिथे चाल आधी कानाने ऐकायची, मग आपल्या पटावर लावायची, विचार करायचा, पुन्हा पटावर लावायची आणि मग टंकायची. घड्याळ या सगळ्यातून पळतच असते. एका ऑनलाइन स्पर्धेत (आयोजकांचे नाव घेत नाही) कॅमेऱ्यावरून लक्ष ठेवणाऱ्या मुलाने मला दोनदा ताकीद दिली, “सर, नजर स्क्रीनवर ठेवा.” वयाच्या चौदाव्या वर्षी गेलेली नजर मी कुठून आणू? त्यानंतर त्याने कानातला इअरफोन काढायला सांगितले, कुणीतरी चाली सांगत असेल म्हणून. इअरफोनमधून स्क्रीन रीडरच बोलत होता. तो काढला आणि दोन मिनिटांत वेळ संपून मी डाव हरलो.

गेल्या वर्षी ३० ऑगस्टला ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम लढतीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे आणि निहाल सरीनचे कनेक्शन तुटले, वेळ संपून दोघेही डाव हरले. दाद मागितली गेली आणि भारत व रशिया संयुक्त विजेते ठरले. योग्यच झाले. आमचा स्क्रीन रीडर अडकतो तेव्हा दाद कुठे मागायची, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही.

शिवाय समोरासमोरच्या डावात एक गोष्ट असते, ती डोळसांना सांगून खरी वाटत नाही. समोरच्याची बोटे त्याच्या पटावरून फिरतात त्याचा खुळखुळ आवाज येतो. तो राजाच्या बाजूला चाचपतो आहे की वजिराच्या, हे कानाला कळते. माझा एक जुना प्रतिस्पर्धी साताऱ्याचा आहे. तो किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) करण्याआधी हत्ती दोनदा चाचपतो, तीस वर्षे झाली. टाळेबंदीत आम्ही रोज रात्री साडेनऊला फोनवर खेळलो. चाली त्याच, पण तो खुळखुळ नव्हता. निम्म्या वेळा मी हरलो, याला हे कारण असावे. त्याला विचाराल तर तो दुसरे कारण सांगेल.

आम्हा साठीतल्यांचे सोडा. विशी-पंचविशीतल्या मुलांचे काय? फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे नेहमीचे मानांकन पटावर बसून खेळलेल्या डावांचेच धरतात. गेली दीड वर्षे ते जागेवर गोठले आहे. शिवाय कुठल्या बँकेत परीक्षा निघाली, कुणाला लेखनिक कसा मिळाला, ही सगळी माहिती आमच्या पोरांना स्पर्धेच्या मुक्कामात, रात्रीच्या जेवणानंतर मिळते. मलाही बँकेतल्या टेलिफोन ऑपरेटरच्या जागेची खबर अशीच लागली होती.

७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी मंदिरे उघडली. येत्या शुक्रवारी निम्म्या आसनांवर नाट्यगृहे सुरू होत आहेत. तीनशे माणसांनी तीन तास एका छताखाली बसून नाटक पाहिलेले चालणार असेल, तर चाळीस माणसांनी सहा-सहा फुटांवर बसून प्यादी हलवलेली का चालू नयेत?

सरसकट सगळे उघडा, असेही मी म्हणत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना अजून लस नाही. त्यांची स्पर्धा तूर्त नको, मग कुणी कितीही आग्रह करो. राज्यभरातून दोनशे जणांना बोलावणेही नको. रात्रीचा प्रवास, धर्मशाळेतल्या एकेका खोलीत दहा जण, हे पटापेक्षा कितीतरी धोक्याचे. एका जिल्ह्यापुरती, दोन दिवसांची, पाच-सहा फेऱ्यांची स्पर्धा घ्यावी. खेळाडू, पंच आणि मदतनीस या सगळ्यांचे दोन डोस होऊन चौदा दिवस उलटलेले असावेत, लोकलच्या पासाला हीच अट आहे. पट ज्याचा त्याने आणावा. दंडाला धरून नेण्याऐवजी आम्ही रुमाल वापरतो, एक टोक मदतनिसाच्या हातात, एक माझ्या. आणि कुठे थांबायचे ते आधीच ठरवावे. रशियात येकातेरिनबर्गला कँडिडेट्स स्पर्धा गेल्या वर्षी मार्चमध्ये सात फेऱ्यांनंतर अर्ध्यावर थांबवली आणि यंदा एप्रिलमध्ये तिथूनच पुढे खेळवून पुरी केली. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा थांबू शकते, तर आमच्या सहा फेऱ्याही थांबतील.

एक मात्र कळकळीने सांगतो. आमच्या स्पर्धांत खरी गर्दी पाहुण्यांची असते. उद्घाटनाला मंचावर वीस जण, प्रत्येकाला शाल, प्रत्येकाचे भाषण, दीपप्रज्वलन (कुणासाठी, हे मी विचारत नाही), आणि शेवटी प्रत्येक जण येऊन आमच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवून जाणार. स्पर्शाची काळजी असलेल्या पत्रलेखकांनी याबद्दल लिहावे, मी खाली सही करीन.

दिवाळी ४ नोव्हेंबरला आहे. तिची गर्दी ओसरल्यावर दोन-तीन आठवडे रुग्णांचे आकडे बघावेत आणि ते खालीच राहिले तर ४ व ५ डिसेंबरचा शनिवार-रविवार धरावा. घड्याळ दाबायला आणि चाली टिपायला दोन्ही डोस झालेले वीसेक महाविद्यालयीन विद्यार्थी लागतील. बुद्धिबळ येत नसले तरी चालेल, मोहऱ्यांची नावे आणि आठ स्तंभ एका संध्याकाळी शिकवून होतात. कल्याण-डोंबिवलीतल्या एखाद्या शाळेने दोन दिवस व्हरांडा दिला तर बाकीची जुळवाजुळव आम्ही चौघे करू.

आपला,
एक अंध बुद्धिबळपटू
डोंबिवली (पूर्व), १९ ऑक्टोबर २०२१