जीवाश्म शोधायला निघालात? कुदळ घरी ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी आटोपली की आपल्या सीमाभागातल्या शाळा-कॉलेजांच्या सहली सुरू होतात. अलीकडे त्यांत ‘जीवाश्म शोधू या’ असाही बेत ऐकू येतो. बेत चांगला आहे आणि मुलूखही रिकामा नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रॉबर्ट ब्रूस फूट यांना गोकाक परिसरातल्या गाळात गेंड्याचे जीवाश्म मिळाले. त्या जीवाश्मांचे वर्णन फूट यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केले, ‘डेक्कनेन्सिस’ या गेंड्याच्या नव्या जातीच्या नावाने. पण तयारी म्हणून लोक कुदळ-फावडी गोळा करतात, तिथेच गाडे अडते. पहिल्या खेपेला खणायचेच नाही. बघायचे, टिपायचे आणि सुटे पडलेले तेवढे उचलायचे.

आधी दगड ओळखा. बेळगावच्या पश्चिमेला बहुतेक काळा बेसाल्ट आहे. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, त्यात हाड मिळणार नाही. मात्र दोन लाव्हांच्या मध्ये कुठे कुठे तळ्यातल्या गाळाचा पातळ थर दबलेला असतो. त्यात फायसा या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचे छोटे शंख आणि नशीब असेल तर माशांचे दात सापडतात. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो ‘कलादगी गट’ या खडकसमूहातला वालुकाश्म त्याहून कितीतरी जुना. तो साचला तेव्हा हाडे असलेला प्राणीच पृथ्वीवर नव्हता. बागलकोटकडच्या याच गटातल्या चुनखडकात जिवाणूंनी रचलेले लहरदार थर, म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट, दिसतात. ते पाहावेत, फोटो काढावा, फोडू नयेत. गेंडा, हत्ती, रानबैल यांची हाडे शोधायची तर घटप्रभा-मलप्रभेच्या जुन्या गाळात, ओढ्याने कापलेल्या दरडींच्या पायथ्याशी.

दरवर्षी कुणीतरी ‘डायनोसॉरची अंडी’ घेऊन येतेच. ते बहुधा बेसाल्टचे गोल झिजलेले धोंडे असतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे. दगडाच्या फटीतली नेच्यासारखी काळी नक्षी मँगनीजची असते, वनस्पतीची नव्हे. काळ्या मातीतले चुनखडीचे गोटे तर लांबून हुबेहूब हाडासारखे दिसतात. तुटलेल्या कडेवर १० पटींचे भिंग धरा: हाडाला बाहेरून घट्ट साल आणि आत स्पंजासारखी जाळी दिसते, गोट्यात तसे काही नसते. ओढ्यात म्हशी-बैलांची ताजी हाडेही भरपूर पडलेली असतात. एखादा कपचा काडेपेटीच्या काडीवर धरला आणि केस जळल्यासारखा वास आला, तर ते हाड ताजे समजावे.

सामान थोडेच लागते. भूशास्त्राची हातोडी, एक छिन्नी, डोळ्यांना संरक्षक चष्मा, एक इंची मऊ ब्रश, बांबूची टोकदार काडी, मापपट्टी, होकायंत्र, पेन्सिल. सुताराची हातोडी चालत नाही. दगडावर तिच्या तोंडाची कपची उडते आणि ती डोळ्याकडेच येते. पांढरा डिंक आणि झटपट चिकटणारा गोंद दोन्ही घरी ठेवा. हाडात शिरलेला असा गोंद पुढे प्रयोगशाळेत काढणे फार अवघड जाते. संग्रहालयात हाड चिकटवायला अॅसिटोनमध्ये विरघळवलेले पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखे चिकटद्रव्य वापरतात, कारण ते नंतर परत विरघळवता येते.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे वही. हाड कुठल्या थरातून आले हे माहीत नसेल, तर ते शोकेसमधली शोभा. म्हणून हात लावण्याआधी तीन फोटो: लांबून संपूर्ण दरड, मधून थर, जवळून हाड. शेजारी मापपट्टी ठेवा. पाच रुपयांचे नाणे नको, कारण ते सगळे एका मापाचे नसते. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत लिहा. ओढ्याच्या तळापासून हाडापर्यंतची उंची टेपने मोजा. सुटे हाड पायथ्याशी पडले असेल तर ‘सुटे’ असेच लिहा. वरच्या कुठल्या थरातून घसरले याचा अंदाज वेगळा नोंदवा. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी, बाहेर दुसरी, दोन्ही पेन्सिलीने. ओल्या मातीत पेनची शाई उतरू शकते आणि चिठ्ठी वाचता येत नाही.

ओल्या चिकणमातीतले हाड उन्हात ठेवले की तासाभरात तडकते, आणि नळाखाली धरले की विरघळल्यासारखे सुटते. ते मातीसकट मऊ कागदात, मग वर्तमानपत्रात गुंडाळून मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा व सावलीत हळूहळू वाळू द्या. वीतभराहून मोठे हाड दरडीत रुतलेले असेल तर त्याला हात लावू नका. जागा टिपा, थोडी माती परत टाकून झाका आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. दगडी हत्यारे दिसली तर तीही जागेवरच राहू द्या; ते काम पुरातत्त्व खात्याचे.

प्लास्टरचे जाकीट, म्हणजे हाड उचलताना फुटू नये म्हणून त्याभोवती चढवायचे कवच, शिकायचेच असेल तर आधी परसात हाडाऐवजी विटेवर शिका. अर्धी वीट मातीत पुरा, भोवती खणून ती मातीच्या बुंध्यावर उभी ठेवा. वर ओल्या कागदाचे चार थर हवेतच, नाहीतर प्लास्टर थेट हाडाला चिकटते. एक लिटर पाण्यात सुमारे दीड किलो प्लास्टर भुरभुरवा; पाणी प्लास्टरवर ओतले तर गोळे होतात. गोणपाटाच्या चार बोटे रुंद पट्ट्या त्यात भिजवून एकमेकींना आडव्या-उभ्या लावा आणि टोके खाली बुंध्याकडे दुमडा. ही टोके दुमडायची राहिली की उलटताना सगळा माल खाली पडतो. प्लास्टर घट्ट व्हायला साधारण पाव तास लागतो; त्या वेळी ते गरम होते, घाबरू नका. निदान तासभर थांबूनच उलटा.

परवानगीबद्दल थोडे. शेतमालकाला आधी विचारा, वनखात्याची जमीन असेल तर त्यांचे पत्र घ्या. गोकाक, हुक्केरी, रायबाग भागात कन्नड नीट बोलणारा एकजण बरोबर हवाच. अनोळखी पोरे ओढ्यात वाकून काही शोधताना दिसली की गावात पहिली शंका गुप्तधनाची येते, आणि ती मोडक्या कन्नडने दूर होत नाही. काय शोधतो, काय नेणार, कुठे ठेवणार हे एका कागदावर कन्नडमध्ये लिहून सरपंचांना द्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाने दरडी ताज्या कापलेल्या असतात आणि पाणी ओसरलेले असते. घटप्रभेच्या पात्रात उतरण्याआधी हिडकल धरणातून पाणी सोडणार आहेत का, याची चौकशी करा. पुढे झुकलेल्या दरडीखाली कोणीही बसू नये, जेवायला तर नाहीच. काळी माती वाळताना भेगाळते आणि आवाज न करता सुटते.

आपले,
भूशास्त्राचे दोन शिक्षक, बेळगाव