नोझल बसेना तेव्हा

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "काही नाही पप्पा, ठीक आहे" म्हणालीस, पण प्रत्येक शब्दामागं दम लागत होता. खरं काय ते नंतर आईकडून कळलं. औषधाची नोंद राहिली आधीच्या पाळीकडून आणि इन्चार्ज सिस्टर नातेवाइकांसमोर तुला बोलल्या. नोकरीला दोन महिने झालेत, त्यात रात्रपाळी. वाईट वाटणारच.

तू दहावीला होतीस तेव्हाची अवकाळी आठवते का? आपली द्राक्षबाग फुलोऱ्यात होती. तीन रात्री पाऊस लागला, चौथ्या दिवशी पानामागं पांढरी डावणी, म्हणजे ती बुरशी, दिसली. मी पहाटे चारला फवारणीला उठलो. औषध कालवलं, ट्रॅक्टर चालू केला आणि पाइपाला नोझल बसेना. आटे जुळेनात. तीनदा खाली पडलं. बॅटरीच्या उजेडात बघतोय तर हातच थरथरत होते. सोसायटीचं कर्ज, तुझी फी, सगळं त्या बोटांत उतरलं होतं.

तेव्हा मी कंबरेसाठी देवळातल्या योगवर्गाला जायचो. गुरुजींना हे सांगितलं तर हसले. म्हणाले, तुझी थरथर पतंजलींनी लिहून ठेवली आहे. योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे पहिल्या भागात, एकतिसावं सूत्र आहे. चित्त विखुरलं की सोबत काय काय येतं, त्याची यादी: दुःख, मनाची खिन्नता, अंगमेजयत्व म्हणजे अंगाचा कंप, आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास. मला फार बरं वाटलं गं. म्हणजे मी भित्रा नव्हतो, हे सगळ्यांचंच होतं.

पुढं चौतिसाव्या सूत्रात श्वासाचा उपाय दिलाय, प्रच्छर्दन. म्हणजे श्वास बाहेर टाकणं. छर्दी म्हणजे ओकारी, त्यातलाच हा शब्द. आपण घाबरलो की उलटं करतो, छाती भरून घेतो आणि तशीच धरून ठेवतो. तू आधी सोड. सावकाश, पोट आत जाईपर्यंत. मग जरासं थांब, जबरदस्ती नको. आत घ्यायचं काम शरीर आपणहून करतं. पाच-सहा वेळा पुरे. औषधाच्या ट्रॉलीपाशी उभ्या उभ्या होतं, कुणाला कळतही नाही.

यानं डावणी गेली नाही हो. त्या वर्षी निम्मी बाग गेलीच. पण नोझल बसलं आणि निम्मी राहिली.

दुसरं, त्या सिस्टरांबद्दल. त्याच पादात तेहतिसावं सूत्र आहे: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाला बघून आनंद आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा. या उपेक्षेचा लोक सोयीनं अर्थ लावतात, गप्प बसा म्हणून. मला पटत नाही. आपले पैसे बुडवून तो व्यापारी गेला, तेव्हा मी चौघांना घेऊन पोलिसांत गेलोच की. उपेक्षा एवढीच केली, की रात्री अंथरुणात त्याच्याशी भांडणं बंद केलं. ते जमायला वर्ष गेलं, खोटं कशाला सांगू. तूही नोंदवही घेऊन मेट्रनना भेट, तारीख आणि पाळी दाखव, काय झालं ते लेखी दे. आणि खोलीवर आल्यावर तेच बोलणं पुन्हा पुन्हा घोळवू नकोस. कदाचित त्या सिस्टरही सलग दुसरी पाळी करत असतील. असेल तर करुणा, नसेल तर उपेक्षा. लेखी मात्र द्यायचंच.

अभ्यासाबद्दल, म्हणजे रोजच्या सरावाबद्दल, सूत्र सांगतं, दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदरानं. यातलं मधलं मला अजून जमत नाही. छाटणीच्या दिवसांत माझा खंड पडतोच. आई म्हणते, "श्वास लांब सोडता आणि चहा गार मिळाला की घर डोक्यावर घेता." बरोबर आहे तिचं.

यंदाची छाटणी उरकली. काड्यांना फुटीची पेस्ट लावून आठवडा झाला, वेलीचे डोळे फुगलेत. कालपासून आभाळ भरून येतंय, बघू.

गावातला पोरगा रविवारी तिकडं येतोय, त्याच्याबरोबर दोन किलो बेदाणा आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतोय. एक पुडा सिस्टरांनाही दे, आधी लेखी देऊन झाल्यावर. पाळी संपली की फोन कर. मोटर चालू असली तर मला ऐकू येत नाही, पुन्हा लाव.

तुझे,
पप्पा