असईपलीकडचा वेलस्ली

संपादक महोदय,
असईच्या लढाईचा विषय निघाला की आर्थर वेलस्ली आपल्याकडे येतो तो फक्त शिंदे-भोसल्यांना हरवणारा इंग्रज सेनापती म्हणून. मुळात तो १७६९ साली डब्लिनमध्ये जन्मलेला, तिथल्या उमराव घराण्यातला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वाटाडे केळणा नदीला उतार नाही म्हणत असताना, दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत म्हणजे उतार असणारच, हे त्याने ताडलं. डोकं तल्लख, हे शत्रूनेही मानावं.

पुढे ड्यूकपद, वॉटर्लू आणि १८२८ला ब्रिटनचं पंतप्रधानपद. हाडाचा सनातनी, तरी आयर्लंडमध्ये यादवी पेटू नये म्हणून कॅथलिकांना संसदेचं दार उघडणारा १८२९चा कायदा त्यानेच राजाच्या गळी उतरवला. त्यावरून लॉर्ड विंचिल्सीने हेतूवर शंका घेतली, तर हे पंतप्रधान साठीच्या उंबरठ्यावर पिस्तूल घेऊन द्वंद्वाला उभे! (इजा कुणालाच झाली नाही.) मताधिकाराच्या सुधारणेला मात्र त्याचा कडवा विरोध. १८३१ला जमावाने घराच्या काचा फोडल्या, तेव्हा याने खिडक्यांना लोखंडी झडपा ठोकल्या. राजकारणी म्हणून तो १८२९पुरताच मोठा, असं माझं मत.

– एक वाचक, जालना